सावित्रीवरच्या दगडी पुलाचा हिशेब

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना दगडी कमानींचा पूल महापुरात कोसळला. मुंबईकडे निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा अंधारात नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं त्या रात्री गेली. पूल १९२८ चा. दुसऱ्या दिवसापासून जो तो त्याच्या वयाबद्दल बोलू लागला, आणि अजूनही जुन्या पुलाचा विषय निघाला की बोलणं वयावरच येऊन थांबतं.

माझा मामा बांधकाम खात्यातला निवृत्त डेप्युटी इंजिनियर. सावित्रीचा पूल त्याच्या हद्दीत कधीच नव्हता, पण दगडी कमानींचे पूल त्यानं नोकरीभर पाहिले, खाली उतरून तपासले, आणि त्यांच्यावर त्याचं मनापासून प्रेम आहे. मी सावित्री ओलांडून जाणाऱ्या महामार्गानं कोकणात जाणारी-येणारी. इतिहास हा माझ्या अभ्यासाचा विषय, पण पुलांच्या बाबतीत माझी बाजू प्रवाशाची. असे पूल जपावेत, वापरावेत असं मामा म्हणतो. त्यांच्यावरची वाहतूक थांबवावी असं मी म्हणते. आमच्यात झालेलं बोलणं इथं मांडते आहे, कारण या वादात दोन्हीकडे ठेवण्यासारखं काही आहे असं मला वाटतं.

मी: सरळच विचारते. शेजारी नवा पूल होता. जुन्यावरून महामार्गाची एका बाजूची वाहतूक चालूच ठेवायची काय गरज होती?

मामा: तू शेवटच्या रात्रीपासून सुरुवात करतेस. मी पहिल्या दिवसापासून करीन. तो पूल नव्हता तेव्हा तिथं माणसं कशी जात होती, ते आधी सांग. हे तर तुझ्याच विषयातलं.

मी: पाण्यानं जात होती.

आणि ते खरंच आहे. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्री उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. महाडपर्यंत भरतीचं पाणी चढतं, म्हणून भरतीच्या जोरावर गलबतं थेट महाडच्या बंदराला लागत. महाडजवळची गांधारपाले लेणी आज महामार्गावरून दिसतात, पण ती कोरली गेली तेव्हा तिथला मोठा रस्ता म्हणजे ही खाडीच होती. विसाव्या शतकातही चित्र फारसं बदललं नव्हतं. मार्च १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते बोटीनं. दासगावच्या धक्क्याला उतरून ते आणि त्यांच्याबरोबरची माणसं महाडला आली. मुंबई ते महाड हा प्रवास करायला समुद्र आणि खाडी हाच त्यांचा रस्ता होता. सावित्रीवरचा पूल त्यानंतरच्या वर्षीचा.

मामा: बघ, तूच सांगितलंस. चार महिने नद्या फुगल्या की गावाचा गावाशी संबंध तुटायचा. लहान ओढ्यावर साकव, मोठ्या नदीवर तरीची होडी, आणि तरीवाला पाणी बघून नाही म्हणाला की बसा अलीकडे. बाळंतीण असो की तापानं फणफणलेलं पोर असो, नदी उतरेपर्यंत थांबायचं. तसल्या मुलखात एक दगडी पूल उभा राहिला. त्याच्यावरून बैलगाड्या गेल्या, पुढं एसटी आली, मुंबईच्या गिरणीत निघालेला चाकरमानी गेला, गणपतीला परत आला. अठ्ठ्याऐंशी पावसाळे त्यानं ती नदी अंगावर घेतली. एका रात्रीमुळं तू एवढ्या वर्षांची चाकरी पुसून टाकणार?

मी: मी पुसत नाही. पण पुलानं एवढी वर्षं काम केलं हे सत्त्याऐंशीव्या वर्षी त्याला मोकळं करायचं कारण व्हायला हवं होतं. तुम्ही लोक त्याचंच प्रमाणपत्र करता. इतकी वर्षं टिकला म्हणजे पुढंही टिकेल.

मामा: हे मात्र मी कधीच म्हणत नाही. इंग्रजांनी बांधलं म्हणून पक्कं, असं म्हणणाऱ्याला मी बोरघाटाची गोष्ट सांगतो. घाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्यावर आठ कमानींचा एक मोठा दगडी पूल होता. तो १८६७ च्या पावसाळ्यात ढासळला. वय किती, तर चार वर्षं. काम निकृष्ट होतं. साहेबही कंत्राट देत होता, आणि कंत्राटदार तेव्हाही दर्शनी बाजूला घडीव दगड लावून आत भरताड भरू शकत होता. आणि तिकडं हैदराबादचा पुराना पूल बघ. कुतुबशाहीतला, १५७८ चा, बावीस कमानींचा. १९०८ साली मुशीच्या पुरानं अर्धं शहर धुऊन नेलं, तो पूल उभा राहिला. आमच्या पुण्यातला नवापूल १९६१ मध्ये पानशेत धरणाच्या लोंढ्याखाली बुडाला होता, आज त्याच्यावरून वाहनं जातात. म्हणून म्हणतो, वय सांगून काही कळत नाही. कसा बांधला, कशावर बांधला आणि नंतर कोणी बघितला, या तीन गोष्टी विचार.

कसा बांधला हे विचारल्यावर मामा थांबत नाही, आणि मीही थांबवत नाही, कारण हे सांगणारी माणसं आता कमी होत चालली आहेत.

मामा: आधी खांब येतात. मग दोन खांबांच्या मध्ये लाकडाचा सांगाडा उभारायचा, कमानीच्या आकाराचा. त्याच्यावर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दगड चढवत न्यायचे. एक बाजू पुढं गेली तर सांगाडा कलतो. प्रत्येक दगड पाचरीसारखा घडवलेला, वर रुंद, खाली निमुळता. शेवटी माथ्यावर कळीचा दगड ठोकून बसवायचा. चुना सुकू द्यायचा, आणि मग सांगाडा हळूहळू सैल करत उतरवायचा. एकदम काढायचा नाही. तो सुटला की कमान थोडी बसते, दगडाला दगड भिडतो, आणि तेव्हापासून ती स्वतःच्या ओझ्यावर उभी असते. जितकं ओझं तितका दगडावर दगड दाबला जातो. दगडाला ताण सोसत नाही, पण दाब कितीही द्या. कमानीत सगळा दाबच असतो. काँक्रीटच्या पुलात पोलाद घालावं लागतं, ते गंजतं, फुगतं, काँक्रीट फोडतं. इथं गंजायला काही नाही.

मी: आणि चुना?

मामा: चुना हा त्यातला शहाणा भाग. घाण्याला बैल जुंपून, दगडी चाकाखाली वाळूबरोबर तासन् तास मळायचा. काही ठिकाणी गुळाचं, हिरड्याचं पाणी मिसळत. कोकणात शिंपल्या भाजून केलेला चुनाही वापरात होता. सिमेंटसारखा तो ताठ नसतो. पूल उन्हानं फुगतो, थंडीनं आखडतो, खांब एखादं सूत बसतो, ते सगळं चुना सांभाळून घेतो. बारीक चीर पडली तर त्यात पाणी शिरतं, चुना विरघळतो आणि पुन्हा तिथंच धरतो. पण त्याला श्वास घ्यायला जागा लागते. नंतर कोणीतरी येतं आणि दगडांमधल्या दरजा सिमेंटनं भरून टाकतं. दिसायला ठाकठीक. आतलं पाणी आतच अडकतं, चुना भिजत राहतो आणि हळूहळू धुऊन जातो. बाहेरून पूल नवा दिसतो, आतून सुटत असतो. या सिमेंटच्या डागडुजीनं चांगल्या पुलांचं फार नुकसान केलं आहे.

मी: आता माझ्या मुद्द्यावर ये. इतकी शहाणी रचना असेल तर ती पडते कशी?

मामा: वरून सहसा पडत नाही. कमानीचं स्वतःचं ओझं एवढं प्रचंड असतं की एखादा ट्रक तिला फारसा जाणवत नाही. ट्रक वाढले, वजनं वाढली, तरी ती आधी कुरकुरते. बाजूची भिंत फुगते, कमानीच्या पोटाला लांब चीर जाते, एखादा दगड खाली सरकतो. वर्षानुवर्षं सांगत असते. बघणारा डोळा पाहिजे. पूल जातो तो खालून. पुराचं पाणी खांबावर आपटतं, दोन्ही बाजूंनी वळतं, आणि खांबाच्या बुडाशी भोवरा करून तळ खरवडतं. पायाखालची वाळू, गोटे निघून जातात. पूर ओसरताना गाळ पुन्हा त्याच खड्ड्यात येऊन बसतो. तू उन्हाळ्यात जाऊन बघशील तर तळ सपाट, सगळं ठीक. पण तो गाळ भुसभुशीत, पुढच्या पुराला तो पहिल्या तासात उठून जातो. त्यात वाळूचा उपसा. पुलाच्या वर-खाली वाळू काढली की नदीचं पात्रच खाली जातं, आणि जो पाया शंभर वर्षांपूर्वी पुरेसा खोल होता तो उथळ होऊन बसतो. पुलाला कोणी हात लावलेला नसतो. नदी बदललेली असते.

मी: आणि एक खांब गेला तर?

मामा: (थोडं थांबून) कमान बाजूला रेटते. शेजारची कमान तिला उलट रेटते, म्हणून मधला खांब सरळ उभा असतो. एक खांब गेला की त्याच्या दोन्ही बाजूच्या कमानी जातात, मग त्यापुढच्या खांबाला एकाच बाजूचा रेटा उरतो, आणि तो तेवढा जाड नसेल तर तोही कलतो. म्हणून जुने जाणते लोक काही कमानींनंतर एक मुद्दाम जाड खांब घालायचे, पडझड तिथं थांबावी म्हणून. जिथं असा खांब नाही तिथं सगळा पूल ओळीनं जाऊ शकतो. काही मिनिटांत.

मी: हेच मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. वरच्या दुखण्याची हा पूल वर्षानुवर्षं सूचना देतो, आणि खालच्या दुखण्याची देत नाही. जे त्याला मारणार आहे ते नेमकं गढूळ पाण्याखाली, रात्री, पुरात घडतं. मग त्या बिचाऱ्या एसटी ड्रायव्हरला काय कळणार? त्याच्या दिव्यांच्या उजेडात रस्ता दिसतो, आणि पुढं रस्ता नाही हे कळेपर्यंत गाडी हवेत असते. तुझी कमान सुंदर आहे, मला मान्य आहे. पण सगळ्यात वाईट वेळी ती काही बोलत नाही. अशा रचनेवर रात्रीची, पावसाळ्यातली, महामार्गाची वाहतूक सोडणं हा दगडावर प्रेम करणाऱ्यांचा निर्णय असू शकतो, प्रवाशाचा नाही.

मामा: पायाखालचं खरवडणं फक्त दगडी पुलाला होत नाही. काँक्रीटच्या पुलाच्या खांबालाही होतं. नदी दोघांना सारखीच.

मी: खरं. पण नवा पूल खोल पायावर असतो, खांब कमी असतात, आणि त्याच्या नकाशाची प्रत कोणाच्या तरी कपाटात असते. तुझ्या जुन्या पुलांपैकी कितींचा पाया नेमका किती खोल आहे हे कागदावर सापडेल?

मामा: थोड्यांचा सापडेल. तेवढ्यासाठी पूल पाडायचा नसतो, पाया खणून मोजायचा असतो.

मी: मोजेपर्यंत लोकांनी त्याच्यावरून जायचं? सावित्रीनंतर पाच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, चिपळूणला वाशिष्ठीवरचा जुना पूल खचला आणि महामार्ग अडला. तोच रस्ता, तोच पाऊस. आणि कोल्हापूरचा शिवाजी पूल विसरू नकोस. पंचगंगेवरचा, एकोणिसाव्या शतकातला, काळ्या दगडाचा. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस त्याचा कठडा तोडून खाली गेली, तेरा माणसं मेली. शेजारी पर्यायी पुलाचं काम वर्षानुवर्षं अर्धवट पडून होतं, कारण जवळच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीमुळं ते प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाच्या कायद्यात अडकलं होतं. वारसा जपणारा कायदा माणसं वाचवणाऱ्या पुलाच्या आड आला, ही मला न पटणारी गोष्ट आहे, आणि मी इतिहासाची विद्यार्थिनी असून म्हणते आहे.

मामा: कोल्हापूरला कमान पडली नाही. कठडा पडला. तो कठडा बैलगाडीच्या आणि पायी माणसाच्या हिशेबानं बांधलेला. वेगात येणारी बस अडवायची त्याची ताकदच नव्हती. तिथं तुझं म्हणणं मला मान्य आहे. कमान आजचं ओझं पेलते, पण कठडा, रुंदी, वळण हे सगळं त्या काळाचं असतं. त्या पुलावर दोन मोठ्या गाड्या समोरासमोर येऊ द्यायच्याच नव्हत्या. पायी माणसं, सायकली, दुचाक्या, फार तर रिक्षा. इतकं ओझं असे पूल आणखी शंभर वर्षं पेलतील.

मी: म्हणजे महामार्गावरून ते काढायचेच.

मामा: अवजड वाहतुकीतून काढायचे. पण एकदा वाहतूक काढली की खातं पुलाकडं बघणंही सोडून देतं, हे तुला माहीत नाही. वापर थांबला की पैसा थांबतो. मग पिंपळ उगवतो, वड उगवतो, मुळं दगडांत शिरतात आणि दहा वर्षांत कमान उकलते. मी तसे पूल पाहिले आहेत. म्हणून मी वापरा म्हणतो. वापरातला पूल निदान कोणाच्या तरी नजरेत राहतो.

इथं मामा मैलकुल्यांबद्दल बोलू लागला, आणि माझ्या मते त्याच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं हेच आहे. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक टप्प्यावर बांधकाम खात्याचा एक माणूस नेमलेला असे. त्याच्या टप्प्यातली प्रत्येक मोरी, प्रत्येक पूल त्याला पाठ. पावसाळ्याआधी तो पुलावरची पाणी जायची भोकं मोकळी करी, कमानीच्या सांध्यात उगवलेलं रोपटं बोटभर असतानाच उपटून टाकी, कठड्याचा निसटलेला दगड पुन्हा बसवी. पुराच्या दिवसांत पाणी कुठवर आलं ते त्याला कोणी विचारावं लागत नसे. ही माणसं निवृत्त होत गेली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. कामं कंत्राटावर गेली. कंत्राटात डांबर येतं, रंग येतो. बोटभर पिंपळ उपटण्याचं कलम त्यात बसत नाही. शंभर वर्षं चालणाऱ्या वस्तूला रोजचा हात लागतो, आणि तो हातच आपण खात्यातून काढून टाकला. मामाच्या या म्हणण्याला माझ्याकडं उत्तर नाही.

मामा: पडलेल्या पुलाच्या जागी सावित्रीवर नवा पूल किती दिवसांत झाला, आठवतं?

मी: १६५ दिवसांत. ५ जून २०१७ ला खुला झाला. पुढचा पावसाळा लागायच्या आत.

मामा: कौतुकाचं काम आहे, मी नाकारत नाही. माझ्या खात्यात मी इतकं वेगात काही झालेलं पाहिलं नव्हतं. पण म्हणजे मनात आणलं तर पैसा होता, माणसं होती, यंत्रं होती. त्याचा अगदी लहानसा भाग जुन्या पुलाच्या खांबांपाशी पाणबुड्या उतरवायला लागला असता. तो खर्च कुणी मागत नाही, कारण त्यातून दिसण्यासारखं काही उभं राहत नाही. फीत कापायला जागा नसते.

मी: मग मी तुला दुसरी गोष्ट सांगते. त्याच सावित्रीवर, त्याच तालुक्यात, कोकण रेल्वेचा पूल आहे. रेल्वेनं काळ नदी, सावित्री आणि वाशिष्ठी या तिन्हींच्या पुलांवर पाणी किती चढलं ते कळवणारी यंत्रणा बसवलेली आहे. पावसाळ्यात रुळांवर गस्त असते, गाड्यांचा वेग कमी करतात. नदी तीच, पाऊस तोच. वीर स्टेशनावर उभा असलेला रेल्वेचा प्रवासी सुरक्षित, आणि जवळच्या रस्त्यावर एसटीत झोपलेला प्रवासी नदीच्या भरवशावर. हा फरक दगड आणि काँक्रीटचा नाही. कोण जबाबदार आहे याचा आहे. रेल्वेला माहीत असतं की गाडी तिची, रूळ तिचे, पूल तिचा. रस्त्यावर बस एकाची, रस्ता दुसऱ्याचा, वाळू तिसऱ्याची, नदी कोणाचीच नाही.

मामा: रेल्वेला सिग्नल आहे. लाल केला की गाडी थांबते. रस्त्यावर कोणाला थांबवणार?

मी: थांबवता येतं. खेडला जगबुडी नदी धोक्याच्या पातळीवर गेली की पोलीस पूल बंद करायचे, तासन् तास गाड्या उभ्या राहायच्या. सांगलीत कृष्णेचा पूर आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस फूट धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. २०१९ मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा सगळं शहर त्या एका आकड्याकडं डोळे लावून बसलं होतं. १९२९ साली उघडलेला दगडी पूल अख्ख्या गावाला पुराची खबर देतो. सावित्रीच्या पुलावर त्या रात्री असा कोणता आकडा होता, जो बघून कोणी रस्ता अडवला असता? पूल गेल्यावर रस्त्याकडेच्या गॅरेजमधल्या एका माणसानं धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या. महामार्गाच्या सुरक्षेची सगळी व्यवस्था त्या क्षणी म्हणजे तो एक माणूस होता.

यावर मामा बराच वेळ बोलला नाही. मग तो म्हणाला, की पाणी बघून पूल बंद करणं ही जुनीच पद्धत आहे. तरीवाला तेच करत होता. त्यानं नाही म्हटलं की मोठ्यातला मोठा माणूस अलीकडच्या काठावर बसून राहायचा, आणि त्याला कोणी दोष देत नसे. पूल आल्यावर लोक नदी विसरले. मी त्याला म्हटलं, की लोकांनी विसरावं म्हणूनच तर पूल बांधतात. विसरायचं नाही ते सरकारनं.

मी: सावित्रीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या पुलांची नोंदणी सुरू केली. राष्ट्रीय महामार्गावरच्या पुलांना क्रमांक, त्यांची जागा, त्यांच्या प्रकृतीची श्रेणी, सगळं संगणकात. चांगलं झालं. पण ती श्रेणी पुलावरून जाणाऱ्याला कुठं दिसते? औषधाच्या बाटलीवर तारीख असते, लिफ्टमध्ये किती माणसं ते लिहिलेलं असतं. पुलाच्या तोंडाशी पाटी हवी. बांधल्याचं साल, किती वजन चालेल, शेवटची तपासणी कधी झाली.

मामा: लोक घाबरतील.

मी: घाबरू देत. घाबरलेला माणूस प्रश्न विचारतो. ग्रामसभेत विचारतो, आमदाराला विचारतो.

मामा: आणि आमदार डेप्युटीला फोन करतो, डेप्युटी ओव्हरसियरला सांगतो, तारीख बदलून आण. नुसती तपासणीची तारीख लिहिलीस तर त्याला काही अर्थ नाही. जीप कठड्यापाशी उभी करून खाली डोकावून बघितलं, तरी वहीत तपासणीच होते. कमानीचं पोट कोरडं दिसलं, भिंतीला चीर नाही, शेरा मारला, ठीक. तू आत्ताच म्हणालीस ना, की पूल जातो तो खालून?

मी: ते तू म्हणालास.

मामा: असेल. तर तारखा दोन लिही. एक वरची, एक पाण्याखालची. वरची वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर. पाण्याखालची दर मोठ्या पुरानंतर. जिथं उन्हाळ्यात पात्र उघडं पडतं तिथं गाळ काढून पाया मोकळा करून बघायचा. जिथं डोह आटत नाही तिथं पाणबुड्या उतरवायचा. आणि तारखेपुढं आकडा. खांबाच्या बुडाशी तळ किती फूट खाली गेला. त्याच्या शेजारी मागच्या वर्षीचा आकडा. दोन आकडे शेजारी असले की शाळेतल्या पोरालाही वजाबाकी येते.

मी: आणि पाण्याखालची तारीख कोरी असेल तर?

मामा: तर जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो पूल बंद. पायी माणसालासुद्धा. तिथं मी तुझ्याशी भांडणार नाही.

मी: मला ते पुरेसं नाही. महामार्गाला दुसरा पूल असेल तर जुन्यावरून बस जायलाच नको, तारीख भरलेली असो की कोरी.

मामा: बस नको. पण दुचाकी जाऊ दे, शाळेची मुलं जाऊ देत, आणि पिंपळ उपटायला एक माणूस पगारावर ठेव.

मी: ठेवू. त्याचं नावही पाटीवर घालू.

मामा: नाव घाल, फोन नंबरही घाल. आणि शेवटी एक ओळ माझ्याकडून. पाणी किती फुटांवर आलं की हा पूल बंद, तो आकडा. मोठ्या अक्षरांत, रात्री गाडीच्या दिव्यात वाचता येईल असा. खांबावर त्याच पातळीला लाल पट्टा. आणि तो आकडा ठरवणाऱ्या इंजिनियरची खाली सही.